घाणेरीच्या पाणंदीतली हजेरी

ऐका, ऐका. काहिलीतला रस आटाय अजून तासभर तरी हाय. गुळव्या म्हणतोय तासभर, म्हंजे दोन धरा. तवर ऊस चघळत बसा आन् गप ऐका. सदा, तू चुलवाणाकडं सरक, चिपाडं घालत ऱ्हा. जाळ कमी झाला तर गूळ बी बिघडंल आन् माझी गोष्ट बी. आन् एक आधीच सांगतो. गोष्ट चालू आसताना कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारायची न्हाई. का म्हणून इचारू नका, कळंल.

गोष्ट गुंडू मास्तरांची. आपल्या वडगेवाडीच्या चौगुल्यांचं मास्तर. मला त्यांनी चौथीपातूर शिकीवलं. म्हंजे त्यांनी शिकीवलं, मी शिकलो न्हाई, त्यात त्यांचा काय दोष! माणूस लई चांगला. पण एक खोड हुती. हजेरी! वर्गात पोरं बावीस, सगळी डोळ्यांपुढं दिसत्यात, तरी चष्मा चढवणार, वही उघडणार, आन् एकेकाचं नाव बापाच्या नावासकट घेणार. ‘ओ’ ऐकल्याबिगर पुढच्या नावावर जाणार न्हाईत. हौसाकाकू, म्हंजे त्यांची मालकीण, सांगायच्या, ह्यो माणूस सांजचं कोंबड्या डालताना सुदीक नावं घेतोय!

तर मास्तर रिटायर झालं. आता हजेरी कुणाची घ्यायची? हात शिवशिवाय लागलं. मग बसलं गावाचा इतिहास लिवायला. कुठलं घराणं कुठनं आलं, थोरली हीर कुणी पाडली, मारुतीचा चौथरा कुणी बांधला. तलाठ्याच्या दप्तरात बसलं, देवळाच्या शिळा चुना लावून वाचल्या, म्हाताऱ्यांच्या खाटंजवळ बसून रातीच्या राती काढल्या. तीन वरसं! दोनशे पानी वह्या भरल्या. गावानं बी ठरीवलं, मारुतीच्या यात्रंला देवळात सगळ्यांम्होरं वाचायचं.

यात्रा आठ दिसांवर आली. मास्तर घरी सोप्यात बसून आपल्याच घराण्याचं पान मोठ्यानं वाचत हुतं. “पांडूचा येसू. येसूचा तुका. तुकाचा दाजी. दाजीचा गुंडू.” काकू शेंगा फोडत हुत्या. म्हणल्या, “आवो, एक इचारू?”

“इचार की.”

“तुमच्या घराण्यात पोरं झाडाला लागत हुती व्हय?”

मास्तरांनी वही उलटीकडनं चाळली, सुलटीकडनं चाळली. गावातली सगळी बापय माणसं हजर, आन् बाई एक न्हाई! तीस वरसं हजेरी घेतलेला माणूस, आन् अर्धा वर्ग गैरहजर लावून मोकळा झाल्याला. लई लाजलं मास्तर. खरंच लाजलं. त्या रातीला जेवलं न्हाईत. दुसऱ्या दिसापसनं घरोघरी हिंडून बायांची नावं लिवून घ्याय लागलं.

आन् त्यांच्या जिवाला खरं लागलं ते एकाच बाईचं. चौगुल्यांचं मूळ म्हंजे पांडू, आन् पांडू इथं आला कसा? दुष्काळात त्याची आई त्याला घेऊन आली. नवरा वाटंत मेलेला. डोक्यावर टोपली, टोपलीत दीड वरसाचं पोर. एकटी बाई घाट चढून आली, माळावर झोपडं टाकलं, दगडं येचून रान केलं. आज चौगुल्यांची साठ घरं हाइत, ती सगळी त्या एका टोपलीतनं उतरल्याली! आन् तिचं नाव? कुणालाच ठाव न्हाई. नुसती ‘पांडूची आई’. मास्तर म्हणलं, यात्रंत हिचं नाव वाचलं न्हाई तर मी कसला मास्तर!

मग त्यांना हेळवी आठवला. हेळवी ठाव हाय न्हवं? बैलावर बसून येतोय, घंटा वाजवतोय, आन् तुमच्या खापरपणज्याचं नाव तोंडपाठ सांगतोय. त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोपड्या. सिद्राम हेळवी मुगाळला उतरलाय आसं कळलं. मुगाळ हितनं दोन कोस. मास्तर दुपारी निघालं, यात्रंला दोनच दीस उरलेलं. काकूंनी भाकरी बांधून दिली आन् म्हणल्या, “दीस बुडायच्या आत या. न्हाई जमलं तर तिथंच ऱ्हावा. पण घाणेरीच्या पाणंदीनं येऊ नका.”

ती शेताशेतातनं जाणारी पाणंद तुम्हाला ठाव हाय. दोन्ही अंगाला घाणेरीची काटेरी झुडपं, वर बाभळी एकमेकींत गुतलेल्या, दिवसा सुदीक अंधार. तिथं एक हाय. आमची म्हातारी माणसं त्याला चकवा म्हणायची. त्याला ना तोंड, ना पाय. नुसता आवाज. त्यो बी स्वतःचा न्हाई, दुसऱ्याचा उसना! जे नाव त्याच्या कानावर पडंल ते धरून ठेवतंय. मग त्याच नावानं हाक मारतंय. तुम्ही ‘ओ’ दिलीसा की संपलं. तवापसनं तुम्ही त्याचं. म्हणून रातीच्याला तिसरी हाक आल्याबिगर ओ द्यायची न्हाई, तिसरी त्याला मारताच येत न्हाई.

तर मास्तर मुगाळला पोचलं. सिद्राम हेळव्यानं घोंगडं आंथरलं. पण चोपडी लगेच उघडीना. “दीस कलू दे,” म्हणला. मग समई लावली, म्होरं जोंधळ्याची रास घातली, आन् एकेक नाव वाचाय लागला. एक नाव वाचायचं, मूठभर जोंधळं बाजूला टाकायचं. मास्तरांनी इचारलं, “हे कशापायी?”

हेळवी म्हणला, “मास्तर, मेल्याचं नाव वाचणं म्हंजे हाक मारणं. हाक मारली की ते येतंय. दाणा मिळाला की गपगुमान माघारी जातंय. वाटंत वाचशिला तर उपाशी येतंय, आन् उपाशी आलेलं दुसऱ्याच्या हाताला लागतंय. घरी जाईपातूर वही उघडू नगा.”

मास्तर मान हलवत हुतं, पण ध्यान सगळं लिवण्यात. पांडूची बायकू भागू. येसूची रखमा. तुकाची गोदा. दाजीची चंद्रा. चंद्रा म्हंजे मास्तरांची सख्खी आई. मग हेळवी पयल्या पानावर गेला, आन् थांबला. ते पान वाळवीनं खाल्लेलं. ‘पांडूची आई’ एवढंच ऱ्हायलेलं. पुढं भोक.

“नाव न्हाई?” मास्तर म्हणलं.

“हुतं. माझ्या आज्याला पाठ आसंल. त्यो गेला.”

मास्तरांचा चेहरा एवढा पडला, की हेळव्यानं आपल्या घरची भाकरी वाढली, मुक्काम करा म्हणला. पण मास्तर कसलं ऐकत्यात! काकू वाट बघतील म्हणलं. शेवटची यष्टी गेल्याली. सडकंनं गेलं तर लांब पडतंय. आन् अवसंची रात. बॅटरी घेतली, वही काखंत मारली, आन् निघालं. कुठल्या वाटंनं? बरोबर! आता काय बोलायचं अशा माणसाला.

पाणंदीत शिरलं. आरं चुलवाणवाल्या, चिपाडं घाल. शिरलं आन् वारा थांबला. रातकिडं थांबलं. नुसता आपल्या पायताणाचा आवाज, चर्र, चर्र. मास्तर भ्यालं. माणूसच ते. आन् भ्यालेला माणूस काय करतो? कुणी देवाचं नाव घेतो, कुणी गाणं म्हणतो, सदा तर शिव्या देतोय. मास्तरांनी काय करावं? चष्मा लावला, बॅटरी काखंत धरली, वही उघडली, आन् खणखणीत आवाजात म्हणलं, “पांडूची आई!”

काय न्हाई. गप.

“पांडू चौगुले!”

“ओ!”

लांबनं आली ओ. शेतातनं कुणीतरी द्यावी तशी. मास्तरांना वाटलं, आसंल कुणी राखणीला. सवय आशी वंगाळ, की ओ ऐकली आन् बोट खालच्या नावावर सरकलं.

“भागू पांडू चौगुले!”

“ओ!” बाईची. जरा जवळनं.

“येसू पांडू चौगुले!”

“ओ!” बांधावरनं.

“रखमा येसू चौगुले!”

“ओ!” घाणेरीच्या पल्याडनं! फांदी हालली.

आता कळायला पायजे का नको? कळलं. पण तोंड थांबंना! तीस वरसांची सवय, एकदा चालू झाली की शेवटच्या नावापातूर जातीय. तुका म्हणलं, ओ. गोदा म्हणलं, ओ. दाजी म्हणलं, आन् बापाचा खोकला ऐकू आला. तोच! विडीचा. आन् मग मास्तरांनी वाचलं, “चंद्रा दाजी चौगुले.”

पाठीमागनं, आगदी पाठीला लागून, हळूच, “ओ.”

मास्तरांच्या डोळ्याला पाणी आलं. उभ्या जन्मात आईचं नाव त्यांनी तोंडानं घेतलं नव्हतं. आई म्हणायचं, नाव कोण घेतंय! पयल्यांदा घेतलं, आन् ती आली.

त्याच्या खाली एकच नाव ऱ्हायलं हुतं. त्यांचं स्वतःचं. तिथं बोट ठेवलं, आन् मास्तर शुद्धीवर आलं. वही झटक्यात मिटली.

मिटली, पण उशीर झाला. चकव्यानं सगळं ऐकलं हुतं. आठ नावं, वळीनं, बापनवऱ्यांसकट! एवढी बेस मेजवानी त्याला शंभर वरसांत कुणी दिली नसंल.

मास्तर चालाय लागलं. मागनं पायांचा आवाज. एक जोडी न्हवं. लई जोड्या. मास्तर थांबलं की त्या थांबत्यात, चाललं की चालत्यात. शाळा सहलीला निघाल्यागत रांग! मोडक्या बाभळीपसनं गेलं. पुढं गेलं, गेलं, गेलं, आन् बॅटरी मारली तर काय? मोडकी बाभळ! परत चाललं. बॅटरी मारली. मोडकी बाभळ! तिसऱ्यांदा बॅटरी मारली, तर बॅटरीच गेली.

काळाकुट्ट अंधार. आन् त्या अंधारात कुणीतरी घसा खाकरला, आन् मास्तरांच्याच आवाजात, जसंच्या तसं, हजेरी चालू झाली.

“पांडू चौगुले!” “ओ!”

“भागू पांडू चौगुले!” “ओ!”

“येसू पांडू चौगुले!” “ओ!”

प्रत्येक ओ बरोबर एकेक पाऊल जवळ. मास्तर ओठ चावून उभं. यादी त्यांना पाठ, आपलं नाव कितव्याला येतंय ते त्यांच्याबिगर कुणाला ठाव! रखमा. तुका. गोदा. दाजी. चंद्रा. मग जरा थांबला त्यो. मास्तरांचं नाव त्या रातीला वाचलं नव्हतं, पण पाणंदीनं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडनं त्यानं ते कवाच धरलं हुतं. आवाज बदलला. हौसाकाकूंचा झाला!

“गुंडू! आवं गुंडू! बघा की हिकडं!”

आन् मास्तरांनी काय केलं आसंल? हसलं! त्या तसल्या वक्ताला हसू आलं त्यांना. हौसाकाकू आन् नाव घेणार? चाळीस वरसांत एकदाच घेतलंय, लग्नात, उखाण्यात, ते बी चार बायकांनी दार आडवलं तवा. ‘आवो’च्या पलीकडं ती बाई कधी गेली न्हाई. चकव्याला आवाज घेता आला, रीत कुठनं घेणार!

पण हसू लई वेळ टिकलं न्हाई. कारण त्यानं दुसरा आवाज घेतला.

“गुंड्या.”

ऐका. गुंड्या म्हणणारं जगात एकच माणूस हुतं. तिला जाऊन एकवीस वरसं झालती.

“थांब की रं. पाय दुखत्यात माझं.”

आईची हाक. एक हाक. मास्तरांनी दात दातावर दाबलं. कळत हुतं, सगळं कळत हुतं! तिसरी हाक त्याला मारता येत न्हाई हे बी ठाव हुतं. म्हंजे अजून एकच सोसायची.

“गुंड्या, शाळंतनं आलास का बाळा? काय खाल्लंस?”

आता सांगा. कोण टिकंल? मी सांगतो, मी टिकलो नसतो. मास्तर साठीचं माणूस, डोकं पांढरं, पण आईनं काय खाल्लंस म्हणलं आन् ते सात वरसांचं झालं. तोंड उघडलं. ओ घशातनं वर आली, जिभेवर आली...

आन् फाटदिशी तोंडावर हात बसला!

बाईचा हात. खरखरीत, भेगा पडल्याला, राकट. जोंधळ्याच्या पिठाचा वास. मास्तरांची ओ आतल्या आत जिरली. आन् कानाजवळ कुणीतरी दटावलं, “गप! एक अक्षर बोललास तर थोबाडीत दीन.”

मग ती अंधाराकडं वळली. “ये रं,” म्हणली. “माझ्या लेकरास्नी हाका मारतोस व्हय? मला मार हाक. ये!”

चकवा बिचकला. म्हणला, “भागू!” ती गप. “रखमा!” ती गप. “गोदा! चंद्रा!” त्याच्यापाशी हुती तेवढी बायकांची नावं त्यानं उधळली. ती आपली उभीच, कमरंवर हात ठेवून.

“न्हवं,” म्हणली. “काय नाव माझं? घे की. घे बघू!”

कुठनं घेईल? त्याच्या कानावर ते पडलंच नव्हतं. हेळव्याच्या चोपडीत न्हाई, मास्तरांच्या वहीत न्हाई, साठ घरांत कुणाच्या तोंडात न्हाई. नाव न्हाई तर हाक न्हाई, हाक न्हाई तर त्याचा जोर न्हाई. आक्ख्या पाणंदीत ती एकटीच मोकळी!

घाणेरी एकदाच सळसळली, वाळल्या पाल्यातनं काहीतरी सरपटत गेल्यागत. आन् रातकिडं परत वरडाय लागलं.

ती मागच्यांना म्हणली, “जावा रं आता. दाणा मिळंल सकाळी.” पायांचा आवाज हळूहळू लांब गेला. शेवटची एक जोडी जरा रेंगाळली, मग ती बी गेली. मास्तरांना ती कुणाची ते कळलं.

“चल. मागं बघू नगंस.” तिनं पदराचं टोक मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर त्या पदराला धरून चाललं. मोडकी बाभळ मागं पडली आन् परत आली न्हाई. वढ्याच्या पाण्याशी ती थांबली. “हितनं तुझा तू जा.”

मास्तर वढ्यात उतरलं. मागं बघितलं न्हाई, पण पाय उचलंना. म्हणलं, “आई, एवढं नाव सांग. सहा दीस झालं हुडकतोय. परवा देवळात वाचायचंय. तुझं नाव न्हाई तर त्या पानाला काय अर्थ?”

ती हसली. “सांगितलं तर लिवशील?”

“लिवीन की! पयल्या ओळीला.”

“लिवलंस तर कोण तरी वाचील. वाचलं तर त्याच्या कानावर जाईल. मग तुझ्या नातवंडाच्या तोंडावर हात कोण ठेवील रं?”

मास्तर उभ्या पाण्यात रडाय लागलं.

“रडू नगंस. तुला वाटलं माझं नाव असावं, तेवढ्यात माझं पोट भरलं. माझी जागा तेवढी मोकळी ठेव. जा, ती वाट बघत आसंल.”

मास्तर घरी पोचलं. दार लावलेलं, आत दिवा. मास्तर वरडलं, “ए, दार उघड!” आत गप. दुसऱ्यांदा वरडलं. गप! काकू काय कच्च्या न्हाईत. तिसऱ्या हाकंला कडी निघाली. काकूंनी कंदील वर धरला, बघतात तर मास्तरांच्या मिशीला, गालाला पांढरं पीठ लागल्यालं. “आवो, कुणाच्यात भाकऱ्या थापाय गेलतासा?” म्हणल्या. मास्तरांनी काकूंचा हात घेतला आन् आपल्या तोंडावर धरून ठेवला. लई वेळ. काकू घाबरल्या, मग त्यांनाच रडू फुटलं.

सकाळी अंगणात समई लावून मास्तरांनी नऊ मुठी जोंधळं मांडलं. आठ नावं वाचली. नववी मूठ नुसतीच ठेवली.

यात्रंत मी हुतो. सरपंच वाचत हुतं. सगळी घराणी झाली, आन् बायांची नावं ऐकून देवळातल्या म्हाताऱ्या पदरानं डोळं पुसत हुत्या. चौगुल्यांचं पान आलं. सरपंच थांबलं. म्हणलं, “मास्तर, पयल्या ओळीत लिवायचं ऱ्हायलंय.”

मास्तर उठलं. “ऱ्हायलं न्हाई, ठेवलंय. तिथं जरा थांबा, एक दम घ्या, आन् मग पुढं वाचा.”

तवापसनं दर यात्रंला तसंच करत्यात. त्या ओळीला सगळं देऊळ गप होतंय. पोरंठोरं सुदीक गप. मास्तर गेलं त्याला आता अकरा वरसं झाली. त्यांचं नाव बी त्याच पानावर खाली वाचत्यात, आन् माझ्या तोंडातनं दर वरसाला ओ निघता निघता ऱ्हाती बघा, त्यांच्या वतीनं.

तर पोरांनो, घाणेरीच्या पाणंदीनं रातीचं जायाचं न्हाई. काय बी होवो. यष्टी चुको, पाऊस येवो, सडकंनं या, दोन तास उशिरा या. आन् एखाद्या येळी गेलासाच, तर तिथं कुणाचं नाव घेऊ नका, आन् मागनं आपल्या माणसाची हाक आली तर तोंड मिटून धरा. न्हाईच धरवलं, तरी लई भिऊ नका. पिठाचा वास आला, की समजा हात आलाय.